अब्बांचे रिव्हॉल्व्हर

मी शाळेत असताना अब्बांनी तुमसरच्या एका भंगारवाल्याकडून गंजलेले रिव्हॉल्व्हर आणले, तेही लोखंडाच्या भावाने. नळीवर ‘वेब्ली’ हे नाव पुसटसे दिसत होते.

या घराण्यातले मार्क एक ब्रिटिश फौजेने १८८७ मध्ये स्वीकारले. सहा गोळ्यांची चकरी, ०.४५५ इंचाचे काडतूस. मधून मोडून उघडले की रिकामी काडतुसे आपोआप बाहेर पडत. १९१५ चे मार्क सहा पहिल्या महायुद्धात गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला होते.

दर जुम्याला नमाजनंतर अब्बा त्याचा गंज घासलेटने काढत, मग शिलाई मशीनचे तेल लावत. एके दिवशी घोडा हलला. अब्बा लहान मुलासारखे हसले.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली, गोऱ्यांना मात्र सूट दिली. स्वतंत्र भारताचा कायदा १९५९ चा. त्याचे कलम ४५ दुरुस्त करूनही न चालणारे जुने हत्यार वगळते. शिक्षक झाल्यावर हे वाचले आणि घाम फुटला. म्हणजे अब्बांची निगाच त्या भंगाराला गुन्हा बनवत होती! आणि आपल्या घरात असे काही सापडले, तर लोक इतिहास नाही, आडनाव विचारतात.

अब्बांना समजावले. ते बराच वेळ गप्प होते. मग स्वतःच ते फडक्यात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करून आले. पावती अम्मीच्या पेटीत आहे. तेलाची चिंधी मात्र अब्बांनी अजून टाकलेली नाही.