अल्कोहोल (शब्दव्युत्पत्ती)

'अल्कोहोल' हा रसायनशास्त्रातील शब्द अरबी 'अल्-कुह्ल' या शब्दापासून आला आहे. 'अल्' हे अरबीतील निश्चयवाचक उपपद असून 'कुह्ल' म्हणजे डोळ्यांत घालावयाचा सुरमा. आज ज्या शब्दाने द्रवाचा बोध होतो, तो मुळात एका कोरड्या, काळसर भुकटीचे नाव होता.

अर्थांतर

सुरमा करण्यासाठी अँटिमनी सल्फाइडसारख्या खनिजाची वस्त्रगाळ पूड करीत. हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमध्ये गेल्यावर डोळ्यांशी असलेला त्याचा संबंध सुटला व 'अतिसूक्ष्म चूर्ण' एवढाच अर्थ उरला. मग ते चूर्ण कशाचेही असो. पुढे चूर्णाची अटही गळाली आणि पदार्थातून काढलेला शुद्ध अंश, म्हणजेच सत्त्व, असा अर्थ रूढ झाला. पॅरासेल्सस (१४९३–१५४१) याने द्राक्षमद्याच्या ऊर्ध्वपातनाने मिळणाऱ्या द्रवाला 'अल्कोहोल व्हिनी', म्हणजे मद्याचे सत्त्व, असे म्हटले. कालांतराने यातील 'व्हिनी' हे पदही लोपले.

१९व्या शतकात हे नाव हायड्रॉक्सिल गट असलेल्या संयुगांच्या संपूर्ण वर्गास मिळाले. १८९२ च्या जिनिव्हा परिषदेने या वर्गासाठी '-ऑल' हा प्रत्यय स्वीकारला. मेथॅनॉल, ग्लिसरॉल, कोलेस्टेरॉल या नावांत दिसते ते याच अरबी शब्दाचे शेपूट होय. आधुनिक अरबीत मद्यार्काला 'कुहूल' म्हणतात. हा शब्द युरोपातून परत आलेला आहे.

'गौल' विषयीचा समज

कुराणात मद्याच्या दुष्परिणामासाठी आलेल्या 'गौल' शब्दापासून अल्कोहोलची व्युत्पत्ती सांगितली जाते. ती आकर्षक असली तरी ग्राह्य वाटत नाही. युरोपीय भाषांतील जुन्या वापरात या शब्दाचा अर्थ मद्य नसून चूर्ण आहे, ही बाब त्या मताने उलगडत नाही.

मराठी पर्याय

मराठीत 'मद्यार्क' हा पर्याय रूढ आहे. तो निखळ संस्कृत समास वाटतो. परंतु संस्कृत 'अर्क' म्हणजे सूर्य किंवा रुईचे झाड. ओव्याचा अर्क, गुलाबाचा अर्क यांतील 'अर्क' अरबी 'अरक' पासून आला असून त्याचा मूळ अर्थ घाम असा आहे. ऊर्ध्वपातनात भांड्याच्या थंड भागावर जमणारे थेंब पाहिले की हे नाव का पडले असावे ते ध्यानात येते. अरबी शब्द टाळून घेतलेल्या पर्यायातही अशा रीतीने अरबी शब्दच आला आहे.