प्रताधिकार आणि प्रतिलिपी : पाठ्यपुस्तकापासून मेमरी कार्डापर्यंत

परवानगीवाचून केलेली प्रत म्हणजे चोरी, हे समीकरण चित्रपट-संगीताच्या व्यवसायाने रूढ केले आहे. कायद्याच्या इतिहासात मात्र ते इतके सरळ कधीच नव्हते. महाराष्ट्रापुरते पाहिले, तर या प्रश्नाचा एक महत्त्वाचा टप्पा पाठ्यपुस्तकाशी निगडित आहे. प्लुटार्ककृत अलेक्झांडरच्या चरित्राचा सर थॉमस नॉर्थ यांनी केलेला जुना इंग्रजी अनुवाद कोणाच्याही मालकीचा उरला नव्हता. त्यातील निवडक भाग घेऊन मॅकमिलन कंपनीने टिपांसह विद्यार्थ्यांसाठी आवृत्ती काढली. मुंबईच्या के. अँड जे. कूपर या प्रकाशकांनी तशीच आवृत्ती बाजारात आणली आणि वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1923 साली निर्णय लागला, तो दोन्ही पक्षांना अर्धाच अनुकूल होता. केवळ उतारे गाळून-जोडून संहितेवर नवा हक्क उत्पन्न होत नाही. टिपांत मात्र संपादकाचे ज्ञान, विवेक व श्रम आहेत, म्हणून त्यांची उचल बेकायदा. म्हणजे एकाच पुस्तकातील मजकूर मोकळा आणि टिपा संरक्षित!

श्रम कोणाचे, ही कसोटी स्वातंत्र्योत्तर 1957 च्या प्रताधिकार कायद्यातही झिरपली. तिच्या जोडीला वापर कशासाठी, हा प्रश्नही आला. व्हिडिओ कॅसेटच्या प्रसारानंतर 1984 मध्ये शिक्षा कडक झाली : किमान 6 महिने कारावास व 50,000 रुपये दंड. तथापि व्यापारी लाभाचा हेतू नसल्यास विशेष कारणे नोंदवून त्याहून कमी शिक्षा देण्याची मुभा न्यायालयाला राहिली. अध्यापनासाठीच्या प्रतींना कलम 52 चे संरक्षण आहे; दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात 2016 साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते मान्य केले. झेरॉक्सच्या दुकानावर विसंबून शिकवणाऱ्या प्राध्यापकवर्गाला या निकालाचे महत्त्व सांगावयास नको.

महाराष्ट्र शासनाने 2009 साली उचललेले पाऊल या परंपरेत बसत नाही. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले व अमली पदार्थांचे गुन्हेगार यांना स्थानबद्ध करण्यासाठी केलेल्या 1981 च्या कायद्यात ‘व्हिडिओ पायरेट’ हा नवा वर्ग समाविष्ट झाला. या कायद्यान्वये खटला न चालवता 12 महिन्यांपर्यंत स्थानबद्धता शक्य आहे. निर्मात्यांचे नुकसान खरे होते, हे नाकारता येत नाही. पण श्रमाचा आणि हेतूचा विचार करणारा प्रश्न येथे सार्वजनिक सुव्यवस्थेचा झाला. प्रती काढून विकणारा आणि हातभट्टी चालवणारा समाजाला सारखेच घातक मानावेत काय, याचे समाधानकारक उत्तर या दुरुस्तीत मिळत नाही.

सोलापूर जिल्ह्याला हा प्रश्न 2016 साली अगदी जवळून भेटला. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ 29 एप्रिल रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक करमाळा तालुक्यातील, चित्रीकरणही बहुतांशी त्याच परिसरातील. आपल्याच मातीतील, आपल्याच बोलीतील या चित्रपटाच्या बेकायदा प्रती लवकरच पसरल्या. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून घेणे ही त्या काळी गावोगावची नित्याची बाब होती. जवळ चित्रपटगृह नसलेल्या प्रेक्षकाची अडचण समजण्यासारखी आहे. तरीही ज्यांच्या श्रमाचे कौतुक करावयाचे, त्यांचेच तिकीट चुकवणे नैतिकदृष्ट्या समर्थनीय ठरत नाही. मात्र दोषाची साखळी दुकानदारापाशी सुरू होत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये ‘उडता पंजाब’ची प्रदर्शनापूर्वी फुटलेली प्रत सेन्सॉरसाठीची असल्याची खूण पडद्यावरच दिसत होती.

त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी ‘ढिशूम’ चित्रपटाच्या प्रकरणात, पडताळणीशिवाय सरसकट संकेतस्थळे बंद करण्यास नकार दिला. बेकायदा प्रत केवळ पाहणे हा या कायद्याखाली गुन्हा नसून तिचे वितरण, जाहीर प्रदर्शन, विक्री वा भाड्याने देणे हा गुन्हा आहे, असेही त्यांनी स्पष्ट केले. डाउनलोड करणारा या दोहोंच्या मध्ये उभा राहतो. 2012 च्या दुरुस्तीने चित्रपटाची इलेक्ट्रॉनिक साठवण ही प्रतच ठरवली. त्याच दुरुस्तीने खाजगी उपयोगासाठीच्या ‘वाजवी व्यवहारा’ची सवलत संगणक प्रणाली वगळता सर्व कृतींना लागू केली. ‘वाजवी’ म्हणजे काय, याची व्याख्या मूळ कायद्यात नाही आणि या दुरुस्तीतही नाही.