खंडग्रासाची साक्ष



ग्रहण हा गणित्यांचा विषय. मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने त्यात का शिरावे, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. माझा अधिकार शब्दांपुरता आहे आणि माझी वाटही शब्दांतूनच जाते. पंचांगकर्त्यांनी ग्रहणाचे तीन क्षण निश्चित केले: स्पर्श, मध्य आणि मोक्ष. बिंब पूर्ण झाकले तर खग्रास, अंशतः झाकले तर खंडग्रास, आणि ग्रासलेला सूर्य तसाच मावळला तर ग्रस्तास्त. हे शब्द धर्मकृत्यांच्या निमित्ताने रुळले हे खरे. पण मुळात ते वेळेचे शब्द आहेत. ग्रहणाच्या दिवशी कॅमेरा रोखून उभा राहणारा हौशी माणूस याच शब्दांना साक्ष पुरवीत असतो.

ग्रहण आणि साक्ष यांचा संबंध आपल्या भूमीत जुना आहे. ‘दे दान, सुटे गिराण’ ही आरोळी तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी ऐकली असेल. या दानाच्या परंपरेनेच इतिहासाला एक साधन दिले. दख्खनच्या राजांनी ग्रहणपर्वावर भूमी दान केली आणि ते पर्व ताम्रपटांत व शिलालेखांत कोरून ठेवले. ग्रहण गणिताने मागे मोजता येते; म्हणून लेखातील तिथी, वार व ग्रहण यांचा मेळ घालून त्याचा काळ तपासता येतो. बेळगाव-धारवाडकडील कोरीव लेखांवर श्रम घेणाऱ्या जे. एफ. फ्लीट यांना गुप्तकालीन लेखांच्या कालनिर्णयात गणिताचे साह्य केले ते मुरूडच्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथाचे कर्ते ते हेच. तात्पर्य, ज्याने स्थळ आणि काळ लिहून ठेवला, त्याची नोंद शतकांनंतरही उपयोगी पडली.

एकोणिसाव्या शतकात छिन्नीच्या जोडीला दुर्बीण, वर्णपटदर्शक आणि कॅमेरा आले. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणासाठी लेफ्टनंट जॉन हर्शेल हे आपल्या शेजारच्या जमखंडीस आले होते. ऐन पावसाळ्यातील ढगांतून मिळालेल्या अवधीत त्यांनी सूर्याच्या ज्वालांच्या वर्णपटातील तेजस्वी रेषा पाहिल्या. त्याच दिवशी गुंटूर येथे मेजर टेनंट यांच्या पथकाने ग्रहणाची छायाचित्रे घेतली. पुढे २२ जानेवारी १८९८ रोजी चंद्राची गडद छाया विजयदुर्गावरून महाराष्ट्रात शिरली. विजयदुर्गास नॉर्मन लॉकियर होते. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे पथक चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन उतरले होते. तेथेच पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही आपले वेध घेतले. आपल्या माणसाने, आपल्या मातीत, आपल्या नावाने सादर केलेली ती नोंद मला विशेष मोलाची वाटते. वऱ्हाडात तळणी येथे ॲनी माँडर यांनी एका लहान भिंगाच्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलाचा दूरवर पसरलेला झोत टिपला. साधन लहान असले तरी साक्ष लहान असतेच असे नाही, हा त्याचा धडा.

ही सर्व मंडळी खग्रासाच्या पट्ट्यात गेली. पट्ट्याबाहेरच्यांचे काय? १८९८ चे ग्रहण बेळगावकडे खंडग्रासच होते. १६ फेब्रुवारी १९८० रोजी खग्रासाचा पट्टा कारवार-हुबळीवरून गेला आणि कंग्राळीच्या वाट्याला पुन्हा खंडग्रास आले. १५ जानेवारी २०१० आणि २६ डिसेंबर २०१९ या दिवशी दक्षिणेत सूर्य कंकणाकृती दिसला, आपल्याकडे खंडितच. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी, दिवाळीत, तो आपल्याकडे ग्रस्तास्त झाला. एका ठिकाणी खग्रास पुन्हा येण्यास सरासरीने तीन-चार शतके लागतात; घर न सोडणाऱ्याच्या आयुष्यात खंडग्रास मात्र अनेकदा येतो. म्हणून गावाचे खरे ग्रहण म्हणजे खंडग्रास. फिलाडेल्फियाच्या लँगेनहाइम बंधूंनी २६ मे १८५४ रोजी आपल्या शहरातूनच असे ग्रहण टिपले. त्यांच्या सात प्रतिमा आजही जपलेल्या आहेत आणि क्रमाने लावल्या की ग्रहणाची चाल डोळ्यांपुढे उभी राहते.

हौशी माणसाला याहून वेगळे काही करावयाचे नाही. फिल्मवर सूर्यबिंबाचा व्यास भिंगाच्या नाभीय अंतराच्या सुमारे एकशे दहाव्या भागाएवढा पडतो. पन्नास मिलिमीटरच्या भिंगाने अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, पाचशेच्या भिंगाने साडेचार मिलिमीटर. पण लहान भिंगाचाही एक गुण आहे. आकाश तासाला पंधरा अंश सरकते, आणि तिवईवर स्थिर ठेवलेल्या अशा कॅमेऱ्याच्या चौकटीत सूर्याचा अडीच तासांचा प्रवास मावतो. दर दहा मिनिटांनी एकाच चौकटीवर प्रतिमा घेतली, तर स्पर्शापासून मोक्षापर्यंतची माळ तयार होते. मात्र भिंगापुढे सूर्यासाठीच बनविलेले गाळणे हवेच, तेही आरंभापासून अखेरपर्यंत. काजळी धरलेली काच आणि क्ष-किरणांची फिल्म डोळ्यांना सुरक्षित नाहीत. काहीच हाती नसेल, तर पुठ्ठ्याला टाचणीने छिद्र पाडावे, सूर्याकडे पाठ करावी आणि कागदावर पडलेल्या कोरीचे चित्र घ्यावे.

चंद्रग्रहण डोळ्यांना निर्धोक, पण कॅमेऱ्याला अवघड. उजळ भाग आणि छायेतील भाग यांच्या तेजात इतके अंतर असते की एकाच उद्भासनात दोन्ही नीट येत नाहीत. २८ ऑक्टोबर २०२३ च्या कोजागरीला, मध्यरात्रीनंतर १ वाजून ५ मिनिटांनी, चंद्राला स्पर्श झाला. झाकला गेला तो व्यासाचा जेमतेम आठवा भाग. तरीही ती काळसर कड वाटोळी होती. चित्रातील कडेवरून वर्तुळ पूर्ण केले, तर ते चंद्राच्या सुमारे पावणेतीनपट भरते. ती आपल्या पृथ्वीची छाया. आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस ग्रहणाचे कारण छाया हेच सांगितले होते. मराठीत आपण ‘छायाचित्र’ म्हणतो. चंद्रग्रहणाच्या चित्राइतका हा शब्द अन्यत्र कोठेच सार्थ होत नाही.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि चित्रांना तोटा नाही. तोटा आहे तो नोंदीचा. कोणत्या गावातून, किती वाजता, कोणी टिपले, हे न लिहिलेले चित्र म्हणजे तिथी पुसलेला ताम्रपट. म्हणून या शाळेला माझी एक विनंती आहे. शाळेने एक ग्रहणवही ठेवावी. प्रत्येक ग्रहणाचे एक चित्र तीत चिकटवावे. त्याखाली स्थळ, घड्याळाशी ताडलेली वेळ, आकाशाची स्थिती आणि विद्यार्थ्याचे नाव शुद्ध मराठीत लिहावे. ढग आले, तर ‘ढग आले’ एवढेच लिहावे. हर्शेलनाही जमखंडीत ते चुकले नाहीत. २१ मे २०३१ रोजी केरळ-तामिळनाडूत कंकणाकृती ग्रहण होईल आणि मार्कंडेयकाठी ते खंडग्रास दिसेल. आज पहिलीत बसणारी मुले तेव्हा वरच्या वर्गांत असतील. त्यांच्या हाती ती वही पडावी, आणि तीत आधीची काही पाने भरलेली असावीत.