तापोळा

तापोळा : सातारा जिल्ह्याच्या महाबळेश्वर तालुक्यातील, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठचे छोटे गाव. महाबळेश्वरहून दक्षिणेस घाटरस्त्याने पंचवीस-तीस किमी. कोयना, सोळशी व कांदाटी या नद्यांचा संगम याच परिसरात होतो. हा मुलूख जुन्या जावळी खोऱ्यातला. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी तो चंद्रराव मोऱ्यांकडून जिंकून घेतला. पर्यटक गावाला ‘मिनी काश्मीर’ म्हणतात. या नावात इथले पाणी येते, माणसे येत नाहीत.

तळ्याचे गाव ही तापोळ्याची ओळख गेल्या साठेक वर्षांतली. १९५६ ते १९६४ या काळात कोयनानगर येथे धरण उभे राहिले आणि नदीकाठची भाताची खाचरे पाण्याखाली गेली. खोऱ्यातील गावेच्या गावे सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशी विखुरली. पुनर्वसनाच्या मागण्यांसाठी धरणग्रस्तांना २०१८ मध्येही कोयनानगरला ठिय्या द्यावा लागला. मागे राहिलेले लोक वर डोंगरउतारावर सरकले. तिथे नाचणी-वरी होते, पण त्यावर वर्षभर घर चालत नाही.

म्हणून तापोळा आणि आसपासच्या वाड्यांची लोकसंख्या एका आकड्यात मावत नाही. इथल्या घराघरांतली कर्ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत आहेत. मुंबईच्या बाजारांत पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडींत जावळी-पाटणच्या डोंगरी भागातले पुष्कळ. २०११ ची जनगणना फेब्रुवारीत झाली; तेव्हा ही माणसे मुंबईत होती, आणि तिथेच मोजली गेली. गावच्या खात्यावर उरली ती मुख्यतः म्हातारी माणसे.

चैत्र-वैशाखात चित्र पालटते. ग्रामदैवताची जत्रा, लग्नसराई आणि पोरांच्या सुट्ट्या एकदमच येतात. कुलूपबंद घरांची दारे उघडतात, पडव्या सारवल्या जातात, एकेका घरात चार-चार भावांची बिऱ्हाडे उतरतात. नेमके याच दिवसांत पाणी खाली गेलेले असते. काठावर तांबड्या मातीचे पट्टे पायऱ्यांसारखे उघडे पडतात आणि लाँच लागण्याची जागा उतारावरून खाली सरकते. पिशव्या, तांदळाचे कट्टे, गॅसची टाकी असे सगळे डोक्यावर-खांद्यावर घेऊन तेवढा उतार पायी उतरावा लागतो. पलीकडच्या गावांना लाँच हीच एसटी. गाड्या तराफ्यावरून जातात. पाणी फार आटले, की जुनी बांधबंदिस्ती वर येते आणि आपले खाचर कुठे होते ते म्हातारे नातवंडांना बोट दाखवून सांगतात.

पर्यटकांची गर्दीही याच हंगामातली. महाबळेश्वरला आलेले लोक नौकाविहारासाठी इथे उतरतात. वासोटा किल्ल्याला जाणारे बहुधा पलीकडच्या बामणोलीहून निघतात. बोट क्लब, कृषी पर्यटन केंद्रे, स्ट्रॉबेरीचे मळे यांमुळे काही तरुणांना गावातच रोजगार मिळाला, ही या खोऱ्यातली अलीकडची सर्वांत चांगली घडामोड म्हणावी लागेल. मृगाचा पाऊस लागला, की मुंबईकर परततात आणि लाँच पुन्हा वरच्या काठाला लागू लागते.