टोस्ट सँडविच : फुटपाथवरून दारापर्यंत

मुंबईत एखाद्या चाकरमान्याला न्याहारीला काय चालेल असे विचारले, तर पोहे, उपमा, इडली या नावांच्या मागोमाग टोस्ट सँडविचचे नाव हमखास येते. घरच्या स्वयंपाकात या पदार्थाला फारशी प्रतिष्ठा नाही. पाहुण्यांसमोर तो कोणी मानाने ठेवत नाही. तरीही चर्चगेटच्या महाविद्यालयांपासून घाटकोपरच्या खाऊगल्लीपर्यंत आणि फोर्टातल्या बँकांपासून बोरिवलीच्या स्थानकापर्यंत त्याचा दरवळ पोहोचला आहे. अलीकडच्या काही वर्षांत तर मोबाइलवर चार वेळा बोट टेकवले की तो थेट दारात येतो. मात्र गाडीवर उभे राहून खाल्लेला आणि खोक्यातून घरी आलेला, हे दोन्ही पदार्थ नावानेच एक असतात, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. या तक्रारीत तथ्य आहे आणि तिची कारणेही शोधण्याजोगी आहेत.

मुंबईचे टोस्ट सँडविच म्हणजे काय, हे आधी नीट सांगायला हवे. पांढऱ्या चौकोनी पावाच्या दोन स्लाइस, त्यांवर खारे पिवळे बटर, त्यावर कोथिंबीर, पुदिना आणि हिरव्या मिरचीची चटणी, मग उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, बीट, काकडी, टोमॅटो, कांदा आणि प्रत्येक थरावर चिमूटभर मसाला. हे सारे मिटवून लांब दांड्यांच्या चिमट्यासारख्या टोस्टरमध्ये दाबायचे, बाहेरून पुन्हा बटर फासायचे आणि शेगडीवर दोन्ही बाजूंनी शेकायचे. नंतर सुरीने सहा तुकडे, वर चटणीचा एक हात, टोमॅटो सॉस आणि बारीक शेव. भाज्यांच्या चकत्यांऐवजी हळद-मोहरीची फोडणी दिलेली बटाट्याची भाजी भरली की त्याचा ‘मसाला टोस्ट’ होतो. कांदा-बटाटा वर्ज्य असणाऱ्यांसाठी कच्च्या केळ्याचे ‘जैन सँडविच’ निघाले. मुंबईच्या गुजराती-जैन वस्तीने या पदार्थावर उमटवलेली ही ठळक मुद्रा होय. चीज, सिमला मिरची, मक्याचे दाणे ही भर पुढची. विजेच्या यंत्रातले जाडजूड ‘ग्रिल सँडविच’ही त्यानंतरचे, आणि खरे सांगायचे तर ते वेगळ्याच जातीचे.

यातला एकही घटक एका मुलखाचा नाही. पाव हा शब्द पोर्तुगीज ‘पांव’वरून आला. गोव्यात आणि वसईत पोर्तुगिजांनी भट्ट्या आणल्या, तिथे यीस्टऐवजी ताडी-माडीने पीठ आंबवण्याची युक्ती रुजली. परंतु तो पाव गोल वा लादीचा. सँडविचला लागणारा चौकोनी, मऊ, साच्यातला पाव इंग्रजांच्या मागून आला. ‘सँडविच’ हे नाव अठराव्या शतकातील सँडविचचे चौथे अर्ल जॉन माँटेग्यू यांच्यावरून पडले, आणि त्याचा सर्वात जुना लेखी उल्लेख इतिहासकार एडवर्ड गिबन यांच्या १७६२ च्या रोजनिशीत सापडतो. कापलेला पाव घरोघरी जाण्यास यंत्र लागले. ते अमेरिकेतील ऑटो रोवेडर यांनी तयार केले, आणि १९२८ मध्ये मिसुरी राज्यात प्रथम यंत्राने कापलेला पाव विकला गेला. भारतात १९६५ मध्ये स्थापन झालेल्या ‘मॉडर्न बेकरीज’ या सरकारी कंपनीने मेणकागदातला स्लाइस-पाव सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणला. हीच कंपनी २००० मध्ये हिंदुस्तान लिव्हरला विकली गेली. मुंबईच्या गाड्यांवर ‘विब्स’च्या पावालाही मान आहे. बटर बहुधा ‘अमूल’चे. त्याचा खारटपणा हा या पदार्थाच्या चवीचा पाया आहे, आणि घरचे लोणी लावून केलेले सँडविच ‘गाडीसारखे’ लागत नाही याचे निम्मे कारण तिथेच दडलेले आहे.

उरलेले निम्मे कारण चटणीत आहे. गाडीवरची चटणी घट्ट असते, पावावर पसरते पण पाझरत नाही. त्यासाठी तीत भाजके डाळं किंवा कापून उरलेल्या पावाच्या कडाच वाटून घालतात. रंग हिरवागार राहावा म्हणून वाटताना बर्फ किंवा गार पाणी वापरतात आणि लिंबू शेवटी पिळतात, कारण आंबटपणाने कोथिंबिरीचा हिरवा रंग हळूहळू तपकिरीकडे झुकतो. मसाल्याची कृती प्रत्येकाची निराळी, परंतु काळे मीठ, भाजलेले जिरे आणि आमचूर हे बहुतेकांच्या डब्यात असतातच.

टोस्टर ही वस्तू दिसायला किरकोळ असली तरी सारे रहस्य तिच्यात आहे. पावाच्या पृष्ठभागाला सोनेरी तपकिरी रंग आणि खमंग वास येतो तो पिठातील शर्करा आणि प्रथिने यांच्यातील प्रक्रियेमुळे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मेयार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. ही प्रक्रिया जोमाने होण्यास पृष्ठभाग सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या वर जावा लागतो, आणि पावात पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या पलीकडे जात नाही. घट्ट मिटलेल्या पातळ पत्र्याखाली बाहेरचा थर झपाट्याने कोरडा होतो, आतली काकडी मात्र गारच राहते. बाहेर कुरकुरीत व गरम, आत ओले व थंड हा विरोध हीच या पदार्थाची गंमत. ती टिकते जेमतेम पाच-सात मिनिटे.

येथेच घरपोच सेवेची अडचण सुरू होते. टोमॅटो आणि काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते. मसाल्यातील मीठ ते पाणी ओढून बाहेर काढते. गरम सँडविच बंद खोक्यात ठेवले की वाफ झाकणाला लागून थेंबांच्या रूपाने परत पावावर उतरते आणि मघाशी मोठ्या कष्टाने कोरडा केलेला थर पुन्हा ओला होतो. पुढे पाव निवताना त्यातील स्टार्च घट्ट होऊ लागतो. म्हणून घरी आलेला टोस्ट एकाच वेळी गिळगिळीत आणि चिवट लागतो. वर सॉस आणि चटणी आधीच ओतलेली असेल, तर शेवेचाही लगदा होतो. बटर पेपरात गुंडाळून, छिद्रे असलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, चटणी-शेव वेगळी ठेवून पाठवलेले सँडविच वीस मिनिटांच्या प्रवासात बऱ्यापैकी तग धरते. वर्तमानपत्राच्या कागदात बांधण्याची जुनी रीत मात्र आता बेकायदा आहे. शाईतील घातक द्रव्यांमुळे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टणविषयक नियमांनी तिला मनाई केली. त्याच वर्षीच्या जूनपासून राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवरही बंदीची अंमलबजावणी सुरू झाली, त्यामुळे चटणीच्या इवल्याशा पुड्यांचाही प्रश्न उभा राहिला.

न्याहारी दारात येण्याची सवय या शहराला नवीन नाही. भल्या पहाटे सायकलवर पोते बांधून येणारा पाववाला, आणि गोव्यात रबरी भोंगा वाजवत फिरणारा पदेर, हे त्याचे जुने मानकरी. कचेऱ्यांच्या भागात खालच्या सँडविचवाल्याला दूरध्वनी करून ‘चार व्हेज टोस्ट, एक जैन, तिसरा मजला’ एवढे सांगितले की दहा मिनिटांत पोऱ्या हजर होई. वहीत खाते, पैसे महिनाअखेरीस. ही व्यवस्था कित्येक इमारतींत अजूनही चालू आहे. तिची खुबी अंतरात होती. शेगडीपासून टेबलापर्यंत दोन जिने एवढाच प्रवास, त्यात वाफेला थेंब होण्यास सवड मिळत नसे.

मोबाइलवरील सेवांनी हे अंतर वाढवले आणि मधला माणूसही बदलला. ‘स्विगी’ २०१४ मध्ये बंगळुरूत सुरू झाली, ‘झोमॅटो’ने २०१५ मध्ये घरपोच सेवेत पाऊल टाकले. ग्राहकाची सोय झाली यात शंका नाही. वृद्ध, आजारी, घरून काम करणारे, तान्ह्या बाळाची आई यांना गाडीपर्यंत जाणे जमत नाही, आणि त्यांच्या दृष्टीने थोडे मऊ पडलेले सँडविचही न मिळण्यापेक्षा बरेच. तथापि या सेवांच्या यादीत नाव यायचे तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी, कायम पत्ता आणि बँकेचे खाते लागते. फुटपाथवरच्या गाडीला पत्ता कुठला? परिणामी ‘मुंबई स्ट्रीट स्टाइल सँडविच’ या नावाखाली जे दारात येते, ते पुष्कळदा स्ट्रीटवरचे नसून एखाद्या बंद गाळ्यातील स्वयंपाकघरातले असते. ज्याच्या हाताने हा पदार्थ घडवला, तोच या व्यवहाराच्या बाहेर उभा आहे.

ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने पथविक्रेत्यांना या जाळ्यात आणण्यासाठी स्विगीशी करार केला. त्याचा पहिला टप्पा अहमदाबाद, चेन्नई, दिल्ली, इंदूर आणि वाराणसीत होता. मुंबई त्या यादीत नव्हती. शिवाय जो यादीत शिरतो त्याच्यापुढे कमिशनचा प्रश्न असतोच. उपाहारगृहांच्या राष्ट्रीय संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये या कंपन्यांच्या व्यवहारांच्या चौकशीचा आदेश दिला होता. मोठ्या हॉटेलांना जे जड वाटते, ते दोन शेगड्यांच्या गाडीवाल्याला कसे पेलावे?

गाडीच्या जागेचीही शाश्वती नाही. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये संसदेने केला. दुसरीकडे, सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी झाल्यानंतर, त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून १५० मीटर आणि शाळा-महाविद्यालये, रुग्णालये व प्रार्थनास्थळांपासून १०० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मज्जाव असल्याचे स्पष्ट केले. पादचाऱ्यांच्या जिवाचा प्रश्न होता, त्यामुळे त्यामागील हेतूवर बोट ठेवता येत नाही. पण स्थानक आणि महाविद्यालय हीच तर सँडविचवाल्याची दोन पिढीजात ठिकाणे! गाडी तिथून हलली की गिऱ्हाईक तुटते, आणि गिऱ्हाईक मोबाइलकडे वळते.

आता थोडे व्यवहाराचे. घरी मागवायचे असल्यास लांबच्या नामांकित ठिकाणापेक्षा जवळचे साधे ठिकाण बरे. शक्य तर दोन किलोमीटरच्या आतले. भाज्यांच्या चकत्यांच्या सँडविचपेक्षा मसाला टोस्ट प्रवासाला अधिक योग्य, कारण बटाट्याची कोरडी भाजी पाणी सोडत नाही, उलट शोषून घेते. टोमॅटो कमी, चटणी वेगळी, तुकडे न करता अख्खे, अशी सूचना लिहिता येते आणि बहुतेक ठिकाणी ती पाळलीही जाते. अख्ख्या सँडविचच्या कापल्या कडांतून ओलावा पाझरत नाही. चीज घातलेले सँडविच मात्र निवले की रबरासारखे होते. ते दूरवरून न मागवलेलेच चांगले.

कच्ची चटणी हा यातला सर्वात नाजूक घटक. ती शिजवलेली नसते, आणि पाणी व बर्फ कोणते हे ग्राहकाला दिसत नाही. आंबूस वास किंवा फेस दिसल्यास ती टाकून द्यावी, संध्याकाळसाठी राखून ठेवू नये. पावसाळ्यात तर विशेषच.

पार्सल येताच खोके उघडावे, वाफ जाऊ द्यावी. सँडविच मऊ पडले असल्यास मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये. त्याने ते आणखी चिवट होते. जाड बुडाचा तवा कोरडाच मध्यम आचेवर तापवून, सँडविचवर एखादी सपाट वाटी ठेवून, प्रत्येक बाजू दीड-दोन मिनिटे शेकावी. बटर घालण्याची गरज नसते, ते पावात मुरलेले असतेच. मग कापावे, चटणी लावावी, आणि शेव अगदी शेवटी, तोंडात घालण्यापूर्वी भुरभुरावी.