बिंदुमाधव खिरे : समलिंगी हक्कांच्या लढ्याची मराठी नोंद

समलिंगी माणसाचे जगणे आणि त्याच्या हक्कांची लढाई मराठीत सातत्याने लिहून ठेवणाऱ्यांत पुण्याचे बिंदुमाधव खिरे हे महत्त्वाचे नाव आहे. आंबेडकरी तरुणांना त्यांच्या कामाची ओळख असावी, म्हणून ही नोंद.

काम आणि लेखन

खिरे संगणक क्षेत्रातले. अमेरिकेत नोकरी करताना 'त्रिकोण' या दक्षिण आशियाई समलिंगींच्या संस्थेशी त्यांचा संबंध आला. भारतात परतल्यावर २००२ मध्ये त्यांनी पुण्यात 'समपथिक ट्रस्ट' स्थापन केला. समुपदेशन, हेल्पलाइन आणि लैंगिक आरोग्य हे या संस्थेचे मुख्य काम. ११ डिसेंबर २०११ रोजी पुण्यात पहिली अभिमान यात्रा निघाली, तीही समपथिकच्या पुढाकाराने. 'पार्टनर' ही कादंबरी आणि 'इंद्रधनु' हे माहितीपर पुस्तक ही त्यांची गाजलेली पुस्तके. स्वतःबद्दल कळले, पण बोलायला शब्द नाहीत, अशा मुलाच्या हातात मराठी पुस्तक पडणे ही लहान गोष्ट नाही.

कायद्याची वाट

इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत आणलेले कलम ३७७ हा या लढ्याचा मुख्य अडसर होता. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे संबंध त्यातून वगळले. पुण्याच्या पहिल्या यात्रेला बरोबर दोन वर्षे झाली त्याच दिवशी, ११ डिसेंबर २०१३ ला, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने असे संबंध गुन्हा नाहीत, असा निर्णय दिला. १७ ऑक्टोबर २०२३ ला मात्र समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला न्यायालयाने नकार दिला. म्हणजे तुरुंगाची भीती गेली, पण कुटुंब म्हणून हक्क अजून मिळालेले नाहीत.

बाबासाहेबांचा धागा

हा विषय आपला नाही, असे आपल्याच काही कार्यकर्त्यांना वाटते. इतिहास वेगळे सांगतो. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली जात. त्यांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. त्यावरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा कर्व्यांचे वकील म्हणून बाबासाहेब उभे राहिले. लोक प्रश्न विचारतात तर त्यांना शास्त्रीय उत्तर मिळाले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेब कोणत्या बाजूला होते, ते नोंदले गेले. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेतील भाषणात त्यांनी मांडलेली संवैधानिक नैतिकतेची कल्पनाच २००९ आणि २०१८ च्या निकालांचा आधार ठरली. लोकांना काय रुचते यापेक्षा संविधान काय सांगते ते मोठे, हा त्याचा अर्थ.

शीलाचे काय?

तिसऱ्या शीलाचा आधार घेऊन समलिंगी माणसाला नावे ठेवली जातात. पाली सुत्तांत या शीलाचा खुलासा येतो तो आईवडिलांच्या, नातेवाइकांच्या रक्षणाखाली असलेल्या किंवा विवाहित स्त्रियांशी गैरवर्तन करू नये असा. भर विश्वासघात आणि दुसऱ्याला होणाऱ्या दुःखावर आहे. त्या यादीत समलिंगी प्रेमाचा उल्लेखच नाही.

आमच्या गावातून पाहताना

आमचे आंधळगाव मोहाडी तालुक्यातले, कोशाच्या कापडासाठी ओळखले जाणारे. इथल्या मुलाला पुण्याची यात्रा दूर. जवळचा आधार म्हणजे नागपूरची सारथी ट्रस्ट. त्यातही मुलगा आपल्या वस्तीतला असेल तर त्याला दोन भिंती ओलांडाव्या लागतात : घराबाहेर जातीची आणि घरात लग्नाच्या आग्रहाची. शहरी समलिंगी चळवळीत जातीचा प्रश्न मागे पडतो, ही दलित कार्यकर्त्यांची तक्रार रास्त आहे. पण त्यावर उपाय चळवळीपासून दूर राहणे नव्हे. वंचित बहुजन आघाडीने दिशा पिंकी शेख या तृतीयपंथी कवयित्रीला प्रवक्तेपद दिले, ती वाट योग्य आहे.

तरुण मित्रांनो, विहाराच्या वाचनालयात खिऱ्यांची पुस्तके ठेवा आणि एखाद्या रविवारी त्यांवर चर्चा घ्या. कोणी मन मोकळे केले तर ते गुपित गावभर करू नका आणि लग्न लावून 'सुधारण्याचा' सल्ला देऊ नका. त्यात एका मुलीचेही आयुष्य भरडले जाते. समतेचे नाव घेणाऱ्यांच्या विहारात तरी त्या मुलाला खाली मान घालून बसावे लागू नये.

जयभीम.