घरातलं घरातच?

नात्यागोत्यांवरची एखादी कादंबरी वाचली आणि चारचौघांत सांगितली, की एक प्रश्न हमखास येतो: "पण असं चांगल्या घरांतून होतं का?" हा प्रश्न फक्त आमच्या नातेवाईकांचा नाही बरं का! पुण्यात तो सव्वाशे वर्षांहून जास्त काळ विचारला जातोय. पुस्तकावर दोन शब्द लिहायला बसलं की परीक्षणातही हळूच डोकावतो. म्हटलं, जरा मागे जाऊन बघूया.

पुस्तकं घ्यायला आपण अप्पा बळवंत चौकात जातो, तिथून जवळच आनंदाश्रम आहे. ह. ना. आपटे या संस्थेचं काम पाहत. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः छापली. साप्ताहिकाचं नाव करमणूक, पण आत काय? यमू नावाची मुलगी स्वतःच्या तोंडाने आपली हकिकत सांगते. माहेर, सासर, नवऱ्याबरोबरचे थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य आणि जबरदस्तीने केलेलं केशवपन. त्याच सुमारास संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात रण माजलं होतं. १८९१ मध्ये कायदा झाला, वयाची मर्यादा दहावरून बारा झाली. सभांत आणि वर्तमानपत्रांत बोलणारे बहुतेक पुरुषच. आपटेही पुरुषच, पण त्यांच्या पानांवर बोलत होती ती यमू. हा फरक मला फार मोठा वाटतो.

पुढे १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला, लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींची घुसमट त्यात होती. त्यांच्या कमाईवर घर चालतं, पण त्यांच्या मनाचं कुणी विचारत नाही! केवढा गहजब झाला. कथांपेक्षा ही बाई कोण, याचीच चर्चा जास्त. त्या होत्या बाळूताई खरे, म्हणजे नंतरच्या मालतीबाई बेडेकर, महर्षी कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या. खरं सांगायला टोपणनाव घ्यावं लागलं, यातच त्या काळच्या 'चांगल्या घरां'बद्दल काय ते आलं.

आणि मग २००६. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू'. पुण्यातलं मध्यमवर्गीय घर, वरच्या खोलीत पेइंग गेस्ट, आणि घरातला मुलगा तनय व त्याची बहीण अनुजा दोघंही त्याच्याच प्रेमात. दोघंही आपापली बाजू सांगतात, पण एकमेकांना नाही आणि आईवडिलांना तर नाहीच. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते २०१८ मध्ये. कादंबरी त्याच्या बारा वर्षं आधीची.

या तिन्ही पुस्तकांत मला एक धागा दिसतो. माणसं भरभरून बोलतात, पण आपल्याला, म्हणजे वाचकाला. ज्यांनी ऐकायला हवं ती घरची माणसं शेजारच्याच खोलीत असतात. म्हणून अशा कादंबरीबद्दल "असं होतं का?" हे विचारण्यात मला काही हशील वाटत नाही. त्या प्रश्नाने आपण आपलं घर तेवढं वाचवून घेतो. विचारायचं ते असं, की या माणसाला हे घरात कुणालाच का सांगता आलं नाही? कायदे बदलतात, वयाच्या मर्यादा बदलतात. पण समोरचा काही सांगू पाहतोय आणि आपण टीव्हीचा आवाज वाढवतोय, हे कुठल्या कायद्याने बदलणार?

'कोबाल्ट ब्लू'वर कुंडलकरांनी स्वतःच सिनेमा केला, तो २०२२ मध्ये आला. त्यात गोष्ट पुण्यातून उचलून केरळात नेली आहे. गाव बदललं, भाषा बदलली, पण घरातला अबोला काही बदलावा लागला नाही.

असो. तुमच्या घरात यातलं एखादं पुस्तक असेल, तर वाचून झाल्यावर कपाटात परत ठेवू नका. घरातल्याच कुणाच्या तरी हातात द्या, आणि मग ते काय म्हणतात ते ऐका.